चारबागवरचा शब्द

देविकाचं पत्र घेऊन कॉम्प्युटर ऑपरेटर जयसिंग स्वतः तिसऱ्या मजल्यावर आला, तेव्हाच निरंजनला कळलं की काहीतरी वेगळं घडलंय. एरवी जयसिंग जागचा हलत नसे. संस्थेचा ई-मेल दिवसातून दोनदा टेलिफोनच्या तारेवरून त्याच्या खोलीत उतरे. तो खर्रखर्र छापी, कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडी आणि ज्याचा त्याच्या खणात टाकी. मधल्यामध्ये वाचूनही घेई.

"सर, मॅडम ठीक तो हैं?" त्यानं कागद पुढे केला. "डेढ़ पन्ना है, एक लफ़्ज़ पल्ले नहीं पड़ता. मराठी तो अब हम थोड़ी पकड़ लेते हैं, ये मराठी नहीं है."

कागदावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे मुठीनं उधळल्यासारखे पडले होते. निरंजन लाल झाला.

"ठीक आहे ती. कुलूप घातलंय पत्राला."

"कुलूप?" जयसिंग जरासा दुखावला. "हमसे?"

याचं उत्तर 'हो' असंच होतं, पण लखनौत चार वर्षं काढलेल्या माणसाला ते तोंडावर देता येत नाही.

निरंजन अकोल्याचा, त्याची बायको देविका साताऱ्याची. दोघंही औषधांवर संशोधन करणारी, घर जानकीपुरमला. गेल्या नोव्हेंबरात ती वर्षभराच्या फेलोशिपवर जर्मनीला गेली. पहिल्या महिन्यात तिनं मेलमध्ये, रोमन अक्षरांतल्या मराठीत, लिहिलं, 'तुझा स्वेटर घालून झोपते.' दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिघांनी वेगवेगळं विचारलं, "और सर, स्वेटर का क्या हाल है?" ते निरंजननं तिला कळवलं, आणि तेव्हापासून दोघांचा पत्रव्यवहार वेधशाळेसारखा झाला. निरंजन मोजून ठेवणारा माणूस. अकरा महिन्यांत तिचे त्रेसष्ट मेल. त्यातले चाळीसहून जास्त थंडी, बर्फ आणि बसचं वेळापत्रक यांवर खर्ची पडलेले. त्याचे तिला अठ्ठावन्न, आणि त्यात गोमतीच्या पाण्याची पातळीसुद्धा होती. 'आठवण' हा शब्द दोन्ही बाजूंना शून्य. फोन करावा तर पीसीओत मागे सहाजण उभे. टपालाला वीस दिवस.

म्हणून ऑगस्टमध्ये देविकानं भारतात येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर तीन फ्लॉप्या आणि चिठ्ठी पाठवली. 'यात पीजीपी नावाचा प्रोग्रॅम आहे. पत्राला कुलूप घालतो. माझ्या पत्रांचा परवलीचा शब्द म्हणजे तू चारबाग स्टेशनवर जे म्हणालास ते. कुठे लिहून ठेवू नकोस.'

शब्द त्याला पाठ होता. गाडी सुटताना तो वऱ्हाडीत म्हणाला होता, 'येजो.' साताऱ्याच्या देविकाला या शब्दाचं लग्नापासून हसू येई. "येजो काय रे? ये म्हणावं माणसानं!" त्या दिवशी मात्र ती हसली नव्हती.

फ्लॉप्या दोन महिने खणात पडून राहिल्या. कारण संस्थेचं मेलचं यंत्र झेनिक्स नावाच्या प्रणालीवर चाले. डॉस, विंडोज सगळ्यांना ठाऊक. झेनिक्स म्हणजे गावात एकच घर असलेलं आडनाव. डॉसचे दोन पीसी होते, पण ते संचालकांच्या दालनात, आणि तिथे बसून बायकोचं पत्र कोण उघडणार? फ्लॉप्यांवर डॉससाठी ताट वाढलेलं होतं. बाकीच्यांना नुसता शिधा, म्हणजे प्रोग्रॅमच्या कच्च्या ओळी; स्वयंपाक ज्यानं त्यानं करायचा. आणि झेनिक्सवर तो शिजवायचं भांडं, म्हणजे कंपायलर, जयसिंगच्या कपाटात. ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याकडेच कुलूप मागायला जायचं! निरंजननं ते उद्यावर ढकललं, आणि असे साठ उद्या गेले.

पण आज मंगळवार होता, आणि सकाळीच देविकाचा एक साधा मेल येऊन गेला होता. 'इथल्या सरांनी काही विचारलंय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. बाकी कुलपातल्या पत्रात. वाचून लगेच लिही.' काय विचारलं असेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. एकतीस ऑक्टोबरला ती परत येणार, की तिकडेच राहणार.

"जयसिंगजी," निरंजन म्हणाला, "थोडी मदद चाहिए."

जयसिंगनं ऐकून घेतलं. "पढ़ते कहाँ हैं सर, छापते वक़्त नज़र पड़ जाती है," एवढं नोंदवलं, आणि कपाट उघडलं. कंपायलरच्या फ्लॉप्या लाल फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. दसऱ्याला त्यांची पूजा होई, वापर कधीच झाला नव्हता.

बुधवार सगळा चुकांत गेला. यंत्र पहिल्याच ओळीला अडे आणि चारशे तक्रारी ओकून टाकी. निरंजन रसायनशास्त्रज्ञ; त्याला एवढंच कळे की उकळत नाहीये. शेवटी गुरुवारी दुपारी जयसिंगनं चष्मा कपाळावर चढवला.

"सर, हर लाइन के पीछे एक फालतू निशान लटका है. डॉस वाले लगाते हैं. दिखता नहीं, पर है. जैसे बारात में किसी का साला."

त्यानं तो साला ओळीओळीतून हुसकावला. तीनच्या सुमाराला यंत्रानं शेवटची तक्रार गिळली आणि प्रोग्रॅम उभा राहिला. जयसिंग खुर्चीवरून उठला, भिंतीकडे तोंड करून बसला.

"अब आप जानिए. हम नहीं देख रहे."

निरंजननं टाइप केलं: yejo. चूक. देविका 'झाला' कसं लिहिते, हे त्यानं जुन्या मेलांतून मोजलं. सात वेळा zala, चार वेळा jhala. मग yezo. चूक. पहिलं अक्षर मोठं. चूक. मध्ये i घातला, h घातला. दोन माणसं पाच वर्षं एक शब्द बोलतात, आणि तो रोमन लिपीत कसा दिसतो हे एकमेकांना कधी विचारत नाहीत. पावणेचार झाले. चारला मेलची फेरी निघे, आणि उद्या शुक्रवार.

"सर," भिंतीकडूनच जयसिंग म्हणाला, "चार-पाँच अक्षर का है, इतना तो कान ने गिन लिया. आगे मत बताइए."

"चारबागला म्हणालो होतो तोच आहे हो! तोच लागत नाही."

"अच्छा, वो?" संस्थेची जीप घेऊन त्या दिवशी जयसिंगच तर आला होता. "वो तो आपने दो दफ़ा कहा था. एक खिड़की पर. फिर गाड़ी चल दी तो आप पीछे दौड़े, फिर से कहा, और चायवाले से भिड़ गए."

"दुसऱ्यांदाचं तिला कुठलं ऐकू जातंय?"

"आपने गिनती में नहीं लिया, सर. शायद उन्होंने ले लिया."

निरंजननं पुन्हा टाइप केलं. yezo, मोकळी जागा, yezo.

कागदावरची उधळण पडद्यावर मराठी होऊन उतरली.

'सर म्हणतात, आणखी दोन वर्षं राहा. काम चांगलं आहे, मी हो म्हणू शकते. निरंजन, अकरा महिन्यांत तू मला लखनौचं तापमान कळवलंस, ये असं एकदाही म्हणाला नाहीस. चारबागला दोनदा म्हणालास. दुसऱ्यांदा मी दारात आले होते, तू चहावाल्याची माफी मागत होतास. त्या दोन शब्दांवर इथवर आले, आता ते पुरत नाहीत. तिसऱ्यांदा म्हणायचं असेल तर म्हण. नसेल तर तेही कळव, मी सही करते.'

"हम चाय पी आते हैं," जयसिंग म्हणाला आणि दार लावून घेतलं.

उत्तराला कुलूप घालायचं तर प्रोग्रॅमनं आधी एक अट घातली. घंटा होईपर्यंत कीबोर्डवर मनाला येईल ते टाइप करा. अक्षरं ठेवणार नाही, दोन कळांमध्ये किती वेळ गेला तेवढं ठेवीन. अक्षरं ठेवणार नाही म्हणताच निरंजनचा बांध फुटला. तुझा टूथब्रश अजून तसाच आहे. रविवारी दोघांचा भात लावतो आणि सोमवारी शिळा खातो. गोमतीची पातळी मी कधी बघायलाही गेलो नाही, पेपरमधून लिहिली. एका वाक्याशी तो बराच वेळ थांबला, आणि यंत्रानं ते थांबणंही घेतलं. मग घंटा झाली. पडद्यावर आलं: पुरे, आभारी आहे.

त्यानंतर त्यानं पत्रात एकच शब्द लिहिला.

जयसिंग परतला तेव्हा चारला दोन मिनिटं होती. त्यानं मेल ओळीत लावला. कुलूप लागून एका शब्दाच्या सहा ओळी झाल्या होत्या.

"ठंड का ज़िक्र तो नहीं है न, सर?"

"नाही."

जयसिंगनं नंबर फिरवला. मोडेम किंचाळला, गुरगुरला आणि गप्प झाला. मेल पुढे पाठवणाऱ्या दिल्लीची लाइन बिझी. एरवी निरंजन म्हणाला असता, राहू द्या, उद्या बघू.

"फिर लगाइए," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून तिथेच बसला.