तपासणीपुरता टायर

मी एक जुना टायर आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच माझी कीव करू नका, मित्रांनो. जरा वाकून माझ्याकडे बघा. माझ्या खाचा खोल आहेत, नक्षी ठसठशीत आहे, कडेचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. बघणारा म्हणतो, "वा, अगदी नवाकोरा!" आणि तेच माझं दुःख आहे. टायरचा जन्म झिजण्यासाठी असतो, आणि मी झिजलोच नाही.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून मी बाहेर आलो, तेव्हा माझ्याबरोबर तिघे भाऊ होते. आम्हा चौघांना एका गॅरेजवाल्याने घेतलं. त्याला सगळी गल्ली मामा म्हणायची. भाजीवाली मामा म्हणायची, पोस्टमन मामा म्हणायचा, त्याच्याहून वयाने कितीतरी मोठे असलेले सुतारही मामाच म्हणायचे. खरी भाची त्याला एकच होती. मामाने आम्हाला स्वतःच्या गाडीसाठी आणलं होतं. आम्ही रिमवर चढलो, पोटात हवा भरली, आणि त्याच आठवड्यात त्या गाडीच्या इंजिनाने मान टाकली. गाडी भंगारात गेली आणि आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो.

आमच्या गावात एक नियम होता. प्रत्येक जुन्या गाडीला वर्षातून एकदा तपासणी केंद्रात जावंच लागे. तिथे ब्रेक बघत, दिवे बघत, धूर मोजत आणि टायरच्या खाचेत छोटी पट्टी घालून तिची खोली बघत. सगळं ठीक असेल तर समोरच्या काचेवर हिरवा स्टिकर लागे. नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची नाही. नियम साधा होता आणि गाडीत बसणाऱ्यांच्याच भल्याचा होता. पण तो जाच आहे, असंच सगळ्यांना वाटायचं.

एकदा सुतार घाईघाईने आले. दुसऱ्या दिवशी त्यांची तपासणी होती आणि गाडीचे चारही टायर गोटा झाले होते. हात फिरवला तर एकही खाच बोटाला लागायची नाही.

"मामा, एवढी वेळ निभावून ने बाबा," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात नवे घालतोच."

मामाचं मन लोण्यासारखं. त्याने आम्हाला सुतारांच्या गाडीला चढवलं. केंद्रातल्या तपासनीसबाईंनी माझ्या खाचेत पट्टी घातली आणि मान डोलावली. "टायर छान ठेवलेत हो!" मी फुगलो. तसा मी नेहमीच फुगलेला असतो, पण त्या दिवशी जरा जास्तच. दुपारी गाडी गॅरेजात परतली, आम्हाला उतरवलं, आणि तेच गोटा टायर पुन्हा चढवून सुतार शीळ वाजवत निघून गेले.

गोष्ट कर्णोपकर्णी झाली. लोक आम्हाला 'परीक्षेचे टायर' म्हणू लागले. आज चष्मेवाला, उद्या शिंपीणबाई, परवा आणखी कुणी. मामाने कुणाकडून काही घेतलं नाही. "अडल्यानडल्याच्या उपयोगी पडायचं, दुसरं काय," असं म्हणायचा. सगळे 'पुढच्या महिन्यात नवे घालतो' म्हणायचे आणि तो महिना काही कुणाच्या कॅलेंडरात यायचा नाही. तपासणी केंद्र कोपऱ्यावरच होतं. तिथवर जायचं, कौतुक करून घ्यायचं आणि भिंतीशी परत यायचं, एवढाच माझा प्रवास. मी पास व्हायचो, आणि रस्त्यावर धावायचे ते गोटे.

मग एके दिवशी मामाची भाची आली. मामापेक्षा उंच, तरी तो तिला पिटुकलीच म्हणायचा. ती परिचारिका होती. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची. तिची छोटी निळी गाडी दिवसभर गावभर फिरायची, म्हणून तिचे टायर साहजिकच झिजून गेले होते. खरं सांगू? मला त्यांचा हेवा वाटला.

बुधवारी आम्ही तिच्या गाडीला लागलो आणि पास झालो. गॅरेजात परत येताना तिने सरळ रस्ता सोडला आणि तळ्याकडच्या लांब रस्त्याने गाडी घातली. गाणं गुणगुणत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला खरा रस्ता लागला. वळणावर मी खडीला घट्ट धरलं, आणि आपण कशासाठी जन्मलो ते मला कळलं.

"मामा, काय मऊ चालते रे गाडी!" ती उतरल्या उतरल्या म्हणाली. "राहू देत ना ही चाकं मलाच."

"अगं, उद्या शिकवणीच्या मास्तरांची तपासणी आहे. त्यांना शब्द दिलाय. त्यांचं झालं की हे तुझेच, कायमचे. परत कुणाला द्यायचे नाहीत. संध्याकाळी येशील?"

"आता रविवारशिवाय कुठली फुरसत मला? रविवारी येते. नक्की देशील?"

"नक्की म्हणजे नक्की, पिटुकले."

मामाने तिचे गोटा टायर पुन्हा चढवले. ती हात हलवून गेली. काचेवरचा हिरवा स्टिकर उन्हात चमकत होता.

गुरुवारी मास्तर पास झाले. शुक्रवारी सकाळी मामा आम्हाला साबणाने धूत होता. भाचीला द्यायचे म्हणून ब्रशने एकेक खाच साफ करत होता. तेवढ्यात फोन वाजला. मामा ओल्या हातानेच बोलला, आणि मग तो ओला हात तसाच हवेत राहिला.

टेकडीच्या उतारावर रस्ता ओला होता. एका म्हाताऱ्याची पट्टी बदलून ती घाईने पुढच्या घरी निघाली होती. वळणावर तिने ब्रेक दाबले. ब्रेक लागले, चाकंही थांबली. पण थांबलेली चाकं ओल्या रस्त्यावरून घसरतच गेली. पिटुकली गेली, मित्रांनो. मी त्या वळणावर असतो तर मी रस्ता धरला असता. माझ्यात ती ताकद होती. मी गॅरेजात साबणाच्या फेसात बसलो होतो.

काही दिवसांनी ती निळी गाडी ओढून गॅरेजात आणली. समोरची काच तडकून तिची जाळी झाली होती, पण कोपऱ्यातला हिरवा स्टिकर शाबूत होता. मामाची धाकटी बहीण आली. तिने आपल्या लेकीच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि त्या स्टिकरपाशी थांबली.

"दादा, गाडी तर पास झाली होती ना रे?"

मामा तिला हाताला धरून भिंतीपाशी घेऊन आला. "हे पास झाले होते गं. हे टायर लावून मी तिला पाठवलं, आणि मग काढून घेतले."

बहिणीने माझ्या खाचेवरून बोट फिरवलं. "मग हे कुणाचे?"

"तिचेच. रविवारपासून तिचेच व्हायचे होते."

"मग रविवारची वाट कशाला बघितलीस, दादा?"

तिचं बोट अजून माझ्या खाचेतच होतं. मला रडता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी मी ढसाढसा रडलो असतो.

त्यानंतर आम्ही कुणाच्याही गाडीला लागलो नाही. लोक येतात, 'मामा' म्हणून हाक मारतात, पण तो वळून बघत नाही. ती हाक आता त्याच्या कानाला सोसत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर एवढं करा. तपासणीच्या दिवशी तिचं कौतुक सगळेच करतात. तुम्ही तपासणीच्या दुसऱ्या दिवशी खाली वाकून तिच्या टायरवरून बोट फिरवा. खाच लागली नाही तर बाबांना जाऊ देऊ नका, आईला जाऊ देऊ नका. रुसा, रडा, किल्ली लपवून ठेवा. 'पुढच्या महिन्यात' म्हणाले तरी ऐकू नका.

दर रविवारी मामा आम्हाला साबणाने धुतो. पुसून, हवा भरून, चौघांना दाराशी ओळीने मांडतो आणि शेजारी स्टूल घेऊन संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत बसतो. त्याने नक्की म्हणजे नक्की असं सांगितलं होतं ना, म्हणून.