दक्षिणेकडे तोंड

रामराव उठले तेव्हा पूर्वेला नुसते फटफटत होते. त्यांनी अंथरुणाची घडी घातली, दुपट्टा कानांवरून गुंडाळला आणि अंगणातल्या चुलीत कपाशीच्या चार वाळक्या पऱ्हाट्या सारून पाण्याचा हंडा चढवला. गोठ्यात गाईपुढे सोयाबीनचे कुटार टाकले, वासराला पाजले, धार काढली आणि दुधाची चरवी झाकून ओट्यावर ठेवली. हे सारे वर्षानुवर्षांचे. अलीकडे त्यात एक भर पडली होती. चरवी ठेवली की ते आतल्या खोलीच्या दारात थबकत आणि इन्व्हर्टरच्या दिव्याकडे पाहत. हिरवा असला म्हणजे रात्र निभली.

आज तो लाल होता. श्वासाचे यंत्र गप्प होते आणि कोकिळाबाई, त्यांची बायको, भिंतीला उशी लावून बसल्या होत्या. तोंडावरचा मास्क काढून त्यांनी मांडीवर घेतला होता.

"कवा बंद पडलं?" रामरावांनी विचारले.

"कोंबडा आरवाच्या आंधी." थांबून, श्वास जमवून त्या म्हणाल्या, "उठवून काय करू? तुमी काय फुंकर घालणार होते?"

आयुष्यभर चुलीच्या धुरात गेलेली त्यांची फुप्फुसे थकली होती. रात्री हे श्वासाचे यंत्र लावूनच झोपायचे, असे यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावले होते. घर नेरपासून बरेच आत, शेतात. तिथल्या रात्रीच्या विजेचा नेम नव्हता. म्हणून पोळ्यानंतर अंगणात सोलर बसवले. दिवसाचे ऊन बॅटरीत साठवायचे आणि रात्री त्यावर यंत्र चालवायचे. सुरुवातीला ते नीट चालले. थंडी पडू लागली तशी बॅटरी पहाटेआधीच मान टाकू लागली. तेव्हा पुसदला दिलेल्या लेकीने, दीपाने, फोनवर सांगून टाकले की रविवारी येऊन आईला घेऊन जाते. वेचणीला आलेला कापूस आणि दावणीची गुरे टाकून रामरावांना जाता येण्यासारखे नव्हते. कोकिळाबाईंची पिशवी भरून दारामागे ठेवलेली होती. तिच्याकडे पाहायचे दोघेही टाळत.

एक गोष्ट मात्र रामरावांनी कुणाला सांगितली नव्हती. सोलर बसवायला आलेला नेरचा रवी पॅनलचे तोंड दक्षिणेकडे करत होता. रामरावांनी त्याचा हात धरला होता.

"काका, ऊन तिकूनच भेटते," रवी म्हणाला होता.

"घर तुयं का मायं? उगवतीकडे कर."

थोरला भाऊ गेला त्या दिवशी त्याच्या उशाशी दक्षिणेकडे वात केलेला दिवा रामरावांनी स्वतःच्या हाताने ठेवला होता. जिचा श्वास चालावा म्हणून हा खटाटोप, तिचाच दिवा यमाच्या दिशेला लावायचा? त्यांचे मन धजले नव्हते.

ऊन वर आल्यावर दोघे ओट्यावर चहा घेत बसले. कोकिळाबाई कपाने हात शेकत पॅनलकडे पाहत होत्या.

"मी दिवसभर इथंच बसून राह्यते," त्या म्हणाल्या. "दुपार कलली का ऊन त्या सोलरच्या पाठीवर पडते. तोंड सावलीत. रवीनं असं काहून बसवलं?"

रामराव बशीतला चहा फुंकत राहिले. तो केव्हाच निवला होता.

"त्यानं नाई," शेवटी ते म्हणाले. "मीच सांगतलं. दक्षिणेकडे तोंड बरं नसते."

कोकिळाबाईंना आधी कळले नाही. मग कळले आणि त्या हसू लागल्या. हसता हसता ठसका लागला. रामरावांनी घाईने पाणी पुढे केले.

"अवो, धनतेरसले कणकेचा दिवा तुमी कोणीकडे तोंड करून ठेवता?"

"दक्षिणेले."

"कायले?"

"अकाली मरण येऊ नये म्हणून."

"मंग?" त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "अन् सूर्यच तिकडे गेला हाय, संक्रांतीपरेंत. त्याले चालते, तुमाले नाई चालत."

रामरावांनी रिकामा कप विसळून पालथा घातला, कोनाड्यातून पाना काढला आणि स्टँडपाशी जाऊन उकिडवे बसले. बोल्ट घट्ट होते. ते सैल झाल्यावर त्यांनी खांदा लावून पॅनल हळूहळू फिरवले.

"अजून जरासं," ओट्यावरून कोकिळाबाई म्हणाल्या. "हं. आता बस."

बोल्ट पुन्हा आवळण्याआधी रामराव क्षणभर थांबले. मग दुपट्ट्याच्या टोकाने त्यांनी काचेवरची धूळ पुसली, सांजवातीआधी समई पुसावी तशी, आणि पाना फिरवला.

तो गुरुवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवस आभाळ स्वच्छ होते. शनिवारी पहाटे जाग आली तेव्हा रामराव आधी गोठ्यात गेलेच नाहीत. अनवाणी आतल्या खोलीच्या दारात गेले. यंत्राची संथ घरघर चालू होती. कोकिळाबाई कुशीवर वळून गाढ झोपल्या होत्या आणि भिंतीवर हिरवा दिवा होता.

चौकटीला हात टेकून ते बराच वेळ उभे राहिले. कित्येक आठवडे छातीत धरून ठेवलेला श्वास सुटावा तसे त्यांचे खांदे खाली आले. बाहेर गाय हंबरली. "आलो, माय," ते पुटपुटले. पण आधी त्यांनी दारामागची पिशवी उचलली. दोन लुगडी, शाल, फणी आणि औषधांची डबी एकेक करून जिथल्या तिथे ठेवली, रिकाम्या पिशवीची घडी घालून ती खुंटीला अडकवली आणि चरवी घेऊन ते धारेला गेले.