कर्जफेड मंडळाच्या मेंढ्या

बुरुल्चाच्या नातवाने पहिलं पाऊल टाकलं आणि बुरुल्चा कर्जात पडली.

मूल चालायला लागलं की त्याच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधायचा, गावातल्या पोरांनी शर्यत लावून धावत यायचं, आणि जो पहिला येईल त्याने तो दोरा कापायचा. मग मूल आयुष्यभर न अडखळता चालतं. दोऱ्याला काही पैसे पडत नाहीत. पण दोरा कापताना बघायला अख्खं गाव आलं, शेजारचंही गाव आलं, आणि दोन्ही गावं पोटभर जेवून गेली. पैसे कमी पडले तेव्हा दुकानदार जुमाकादिरने चाळीस हजार सोम दिले. वर पाच हजार व्याज, आणि तारण म्हणून बुरुल्चाची गाय, आलाबाश. मे महिन्यात गावची गुरं डोंगरावरच्या कुरणात निघतील, त्या दिवसापर्यंत पैसे परत. नाही तर आलाबाश जुमाकादिरच्या गुरांबरोबर वर जाणार आणि उतरतानाही त्याच्याच गोठ्यात उतरणार.

आलाबाशच्या दुधावर बुरुल्चाचं घर चालायचं. शिवाय ती बुरुल्चाशी बोलायची. म्हणजे बुरुल्चा बोलायची आणि आलाबाश कान हलवायची. पण नवरा गेल्यापासून घरात एवढं ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. खरं तर नवरा होता तेव्हाही नव्हतं.

ऑक्टोबरात शाळेतली भूगोलाची शिक्षिका, तोक्तोकान, तालुक्याच्या गावी कोच्कोरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आली. तिथे तिला कळलं की कर्ज एकट्याने फिटत नाही, मंडळ करून फिटतं. सगळ्यांनी मिळून एक तारीख ठरवायची, प्रत्येकाने आपलं कर्ज मोठ्याने सांगायचं, आणि महिन्याला एकदा भेटून कोणी किती फेडलं ते बघायचं. लाजेपोटी माणूस फेडतो.

मंडळात चौघं जमले. बुरुल्चा. तिची शेजारीण जिपारा, जिने मुलीच्या लग्नात रजया, गाद्या आणि संदुका देण्यासाठी कर्ज काढलं होतं. टॅक्सीवाला मुकाश, ज्याने घोड्यावरच्या खेळासाठी घोडा घेतला होता. आणि स्वतः तोक्तोकान, जिने भावाच्या घराचं छप्पर घातलं होतं.

"माझा घोडा वाईट नाहीये," मुकाश पहिल्याच दिवशी म्हणाला. "फक्त तो विचार फार करतो."

"बाकीचे घोडे गोल मारून परत येतात, तोवर याचा विचारच चालू असतो," जिपारा म्हणाली.

"एजे, तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीसारख्या आहात म्हणून ऐकून घेतो."

तोक्तोकानने भिंतीवर मोठा कागद लावला. त्यावर चौघांचं मिळून कर्ज एका रेघेने दाखवलं. रेघ दर महिन्याला खाली यायला हवी, आणि गुरं वर निघतील तेव्हा जमिनीला टेकायला हवी. "सभा आळीपाळीने एकेकाच्या घरी," तिने सांगितलं. "आणि नीट ऐका. फक्त चहा. खर्च करायला जमत नाही आहोत आपण."

"फक्त चहा," सगळ्यांनी कबूल केलं.

पहिली सभा जिपाराकडे होती. जिपाराने खरोखर चहाच टाकला होता. पण चहाबरोबर पाव लागतो, पावाबरोबर लोणी लागतं, लोण्याबरोबर मुरंबा लागतो, आणि चार प्रकारचे मुरंबे मांडल्यावर मधली जागा फारच रिकामी दिसायला लागली. तेवढ्यात जिपाराचा नवरा आत डोकावला. "पाहुणे नुसते मुरंबा खाऊन गेले तर मी रस्त्याने कसा चालू?" असं म्हणून तो मागच्या दाराने गेला आणि थोड्या वेळाने अंगणात मेंढी ओरडल्याचा आवाज आला. मग ओरडायची थांबली.

मेंढीचं डोकं पुरुष पाहुणा म्हणून मानाने मुकाशपुढे ठेवलं. बाकीच्यांना वयाप्रमाणे ज्याचा त्याचा तुकडा मिळाला. जेवण झाल्यावर उरलेलं मांस पिशव्यांत भरून प्रत्येकाच्या हाती दिलं, कारण पाहुणा रिकाम्या हाताने गेला तर यजमानाचं नाक कापलं जातं. मग सभा झाली.

"बुरुल्चा एजेंनी तीन हजार फेडले!" तोक्तोकान म्हणाली. टाळ्या झाल्या. "जिपारा एजे?"

"मीही तीन हजार फेडले," जिपारा म्हणाली. "आणि मेंढीसाठी जुमाकादिरकडून बारा घेतले."

"पण तीन फेडले ना," मुकाश म्हणाला, आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

पुढची सभा मुकाशकडे. आता जिपाराकडे मेंढी खाल्लेल्या माणसांना चहा कसा पाजणार? मुकाशच्या बायकोने मेंढी तर कापलीच, वर घोड्याच्या मांसाचे सॉसेजही आणले.

"तुझा घोडा का रे?" जिपाराने घाबरून विचारलं.

"छे, विकतचं. आमच्या घोड्याला विचारलं असतं तर अजून विचारच करत असता."

तिसरी सभा तोक्तोकानकडे. नियम तिनेच केले होते, म्हणून तिने नुसती कोंबडी करायचं ठरवलं. कोंबडी शिजत असताना तिच्या सासूचा भाऊ न सांगता आला. सासूच्या भावापुढे कोंबडी ठेवणारी सून त्या डोंगरांत अजून जन्माला यायची आहे. त्या दिवशी दोन मेंढ्या गेल्या. कोंबडी मांजराला दिली.

मग फेब्रुवारीत बुरुल्चाची पाळी आली.

सभेच्या सकाळी ती गोठ्यात गेली. "आलाबाश," ती म्हणाली, "आज मी मेंढी कापणार नाही. कोणी काही म्हणो. साठवलेले पैसे आहेत ते तुझे आहेत." आलाबाशने कान हलवले.

दुपारी तिघं आले. बुरुल्चाने चहा दिला, पाव दिला, आलाबाशचं लोणी दिलं आणि स्वतःही बसली.

"चहा मस्त झालाय," तोक्तोकान म्हणाली.

"लोणी तर काय, विचारूच नका," जिपारा म्हणाली.

मुकाश स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. त्याच्या नजरेत तक्रार नव्हती, नुसता विश्वास होता. थोड्या वेळाने तोक्तोकानही त्या दाराकडे बघायला लागली. जिपाराने भिंतीवरची चित्रं बघितली, छत बघितलं आणि हळूच म्हणाली, "मदत करू का गं आत काही?"

"कशाला मदत?"

"असंच. काही असेल तर."

बुरुल्चाची कानशिलं तापली. ती उठली. "आलेच," म्हणाली, आणि तशीच चपला सरकवून जुमाकादिरच्या दुकानात गेली. तासाभरात मेंढी चुलीवर होती. उधार.

त्या दिवशी तोक्तोकानने कागदावर रेघ पुढे ओढली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. ऑक्टोबरापासून रेघ वर वर चालली होती, अगदी कुरणाच्या वाटेसारखी.

"वर जातेय म्हणजे चांगलंच ना?" मुकाशने विचारलं.

"कर्ज आहे ते, मुकाश!"

"मग उलटा लावा की कागद."

बुरुल्चाला मात्र हसू आलं नाही. तिचं कर्ज होतं त्याच्या जवळपास परत आलं होतं, आणि मे महिना काही थांबणार नव्हता. तिघांना ते तिच्या तोंडावर दिसलं आणि ओशाळून तिघंही खाली बघू लागले. हातात मांसाच्या पिशव्या होत्याच.

"घर असलं की यजमान आला, यजमान आला की मेंढी आली," तोक्तोकान शेवटी म्हणाली. "घराबाहेर भेटू."

म्हणून मार्चची सभा मुकाशच्या टॅक्सीत भरवली, फाट्यावर, भर रस्त्यात. पण दारं बंद झाल्याबरोबर मुकाशच्या लक्षात आलं की टॅक्सी त्याची आहे, म्हणजे ही माणसं त्याच्याकडे आली आहेत. तो अस्वस्थ झाला. दोनदा काच खालीवर केली. मग त्याने गाडी सुरू केली आणि थेट खाणावळीपुढे नेऊन उभी केली.

"मुकाश, नको!" तिघी ओरडल्या.

"माझ्या गाडीत उपाशी बसणार तुम्ही?" मुकाशच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

खाणावळीतून निघताना बुरुल्चाने मनाशी ठरवलं. आता मंडळाने काही होत नाही. जुमाकादिरकडे जायचं आणि मुदत वाढवून मागायची. एकटीने जाणं तिच्या जिवावर आलं, म्हणून बाकीचे तिघंही सोबत निघाले.

जुमाकादिरने फाटक उघडलं. बुरुल्चाने आधी हप्त्याचे तीन हजार त्याच्या हातात दिले. "आके," ती थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, "मला शरदापर्यंत..."

"शरद नाही," जुमाकादिर म्हणाला. "बोलणं झालंय. गुरं निघाली की गाय माझी."

एवढ्यात खिडकी उघडली. आत त्याची आई होती, सोनुन आपा. गावात तिच्याहून म्हातारं कोणी नव्हतं. "कोण आहे रे फाटकात?" तिने विचारलं. "पाहुणे? आणि तू त्यांना उभं ठेवलंस? जुमाकादिर, लोक काय म्हणतील?"

जुमाकादिरचा चेहरा पडला. त्याने चौघांकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि मग त्याचे पाय आपोआप मेंढ्यांच्या कुंपणाकडे वळले. सोनुन आपाने चौघांना मानाच्या जागी बसवलं, आपल्या तरुणपणीच्या गोष्टी सांगितल्या, आणि मेंढीचं डोकं मुकाशपुढे सरकवलं. मुकाशला आता त्याची सवय झाली होती.

परतताना जिपारा वाटेत एकदम थांबली. "बायांनो, आज आपली सभा झाली की."

"झाली," तोक्तोकान म्हणाली.

"आणि आपली मेंढी गेली नाही."

चौघंही रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. हातातल्या पिशव्या गरम होत्या.

"धनको आहे तो आपला," मुकाश सावकाश म्हणाला. "फेडलं किती, हे त्याला जाऊन सांगायला नको का?"

"सांगायलाच पाहिजे," तोक्तोकान म्हणाली. "मुदत जवळ आली की सभा आठवड्याला घ्यायची असते. प्रशिक्षणात सांगितलंय."

आणि मग रेघ खाली यायला लागली. दर आठवड्याला चौघं जुमाकादिरकडे जायचे, बुरुल्चा साठवलेल्या पैशांतून आणि लोणी विकून प्रामाणिकपणे हप्ता द्यायची, आणि सोनुन आपा खिडकीतून हाक मारायची. जुमाकादिर एकदा दुकानात लपून बसला. आईने शेजाऱ्याकडून बोलावून घेतलं. एकदा ताप आला म्हणून पांघरूण घेऊन पडला; आई म्हणाली, पाहुण्यांबरोबर रस्सा प्यायलास की उतरेल. एप्रिल संपता संपता त्याच्या कुंपणात एक बोकड तेवढा उरला, आणि मेंढ्या मेंढपाळाकडून उधारीवर यायला लागल्या.

बुरुल्चाला वाईट वाटायचं. पण रात्री ती उरलेले हजार मोजायची आणि मग जुमाकादिरऐवजी आलाबाश आठवायची.

गुरं निघायची त्याच्या आदल्या दिवशी चौघं शेवटच्या सभेला आले. बुरुल्चाचे व्याजासकट आठ हजार अजून बाकी होते. कुठूनही जमले नव्हते.

जुमाकादिर फाटकाबाहेरच उभा होता. तो बारीक झाला होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"किती राहिले?" तो कुजबुजला.

"आठ हजार, आके. पण मी देणार, काहीही करून."

"पाच सोडले. व्याज नको मला. तीन दे, शरदात दे, वासरू विकल्यावर दे. गाय तुझी. फक्त सभा दुसरीकडे घे. मी पाया पडतो तुझ्या."

मुकाशने मागून बुरुल्चाला हळूच ढोसलं. "शरदात नक्की," ती म्हणाली. "लोणीही देईन. आके, मी..."

"हळू बोल! आणि आणखी एक." जुमाकादिरने मान खाली घातली. "माझ्यावर मेंढपाळाचं कर्ज झालंय. तुमच्या मंडळात जागा आहे का?"

तोक्तोकानने लगेच पेन काढलं. "किती, आणि कधीपर्यंत? मोठ्याने सांगावं लागतं."

"मोठ्याने नको!"

पण खिडकी उघडली होती. "कोण आहे रे?"

"कोणी नाही, आपा!"

"कोणी नाही, तर मग एवढे आवाज कोणाचे? थांबा तिथेच." काठीचा ठक ठक आवाज आला आणि सोनुन आपा स्वतः फाटकापाशी आली. तिच्या दुसऱ्या हातात एक गोल पाव होता. "बुरुल्चा, उद्या गाय वर नेणार ना? मग घाई असेल. हे घ्या, एकेक तुकडा मोडा, तोंडात टाका आणि जा. पाहुण्याने पाव चाखला की झालं, यजमान सुटला."

चौघांनी एकेक तुकडा मोडला. जुमाकादिर आईकडे बघतच राहिला.

"सुटला?" त्याने विचारलं. "एवढ्याने?"

"एवढ्यानेच. पहिल्यापासून असंच आहे."

"आपा! सगळं कुंपण रिकामं झालं माझं! मग इतके दिवस तू बोलली का नाहीस?"

"मी फक्त म्हणाले, पाहुण्यांना उभं ठेवू नकोस. मेंढीकडे तू आपणहून पळायचास."

"पण मला सांगायचंस तरी!"

"का सांगू?" सोनुन आपा म्हणाली. "मला मटण आवडतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरं निघाली. बुरुल्चा आलाबाशच्या मागून चढणीला लागली आणि पहिल्या वळणापर्यंत तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. आलाबाश कान हलवत होती.