पलंगाखालचा ठोका

मिस आयोनीने पलंगावरची चादर जमिनीपर्यंत ओढली आणि खाली दडलेल्या मुलाला, रॅन्सफर्डला, दटावलं, "हूं की चूं केलंस तर याद राख!"

पोलिसांची जीप गल्लीत शिरली होती. ज्याच्या डोक्यावर जटा दिसतील त्याला तिथेच खाली बसवून ते कात्री चालवत होते. रॅन्सफर्डने आपल्या देवाच्या, जाहच्या नावाने केस वाढवले होते. कात्री न लावण्याचा नेमच होता त्याचा. जटा गेल्या तर हा पोर जिवंतपणीच मेल्यासारखा होईल, हे आयोनीला पक्कं ठाऊक होतं. तसं त्याचं ते रास्ताफारी पंथाचं वेड तिला कधीच पटलं नव्हतं. चर्चमध्ये तोंड दाखवायची सोय उरली नाही म्हणून तिने एकदा त्याचा ढोल अंगणात भिरकावला होता. तेव्हापासून चारचौघांत ती त्याचं नावही काढत नसे.

त्याचा श्वास कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तिने रेडिओ लावला. या वेळी प्रवचन असतं. पण आज नशीबच फिरलेलं. हवालदार बर्नेट उंबऱ्यात आला आणि प्रवचन संपून गाणं लागलं. रॅन्सफर्डने ढोल वाजवलेली पहिलीच रेकॉर्ड! वर गिटार, आणि खाली डोंगरावर जमणाऱ्या रास्ताफारींच्या भजनातला तोच संथ ठोका: धप-धप, जरा दम, धप-धप.

त्या भजनात मोठ्या ढोलाने हाक दिली की साथीच्या ढोलाने शेवटपर्यंत हात थांबवायचा नाही, अशी रीत. ती त्याच्या हाडांत मुरलेली. पलंगाखाली, लाकडी फळ्यांवर बोटं वाजू लागली.

मेल्या, घात केलास! तो आवाज झाकायला आयोनीने पायाने तोच ठोका धरला आणि जीव मुठीत घेऊन टाळ्या पिटू लागली.

"काय हो मिस आयोनी," बर्नेट म्हणाला. कात्री त्याच्या हातातच होती. "तुमच्या चर्चमध्ये असल्या टाळ्या? कुणी शिकवल्या?"

"माझ्या लेकाने." इतक्या दिवसांनी हा शब्द तिच्या तोंडून निघाला.

"कुठाय तो?"

"तो काय, रेडिओत. ऐकू येत नाही का तुम्हाला? तोच वाजवतोय."

बर्नेट हसला नाही. त्याची नजर चादरीवर जाऊन थांबली. आयोनीचे हात मात्र थांबले नाहीत.

"बरं वाजवतं पोरगं," अखेर तो म्हणाला. "भेटला तर सांगा, चार दिवस रेडिओतच राहा म्हणावं." आणि पायऱ्या उतरून गेला.

गाणं संपलं. रॅन्सफर्डने चादरीतून डोकं काढलं.

"गेला का गं, आई?"

"आत हो मेल्या! हा गेला, बाकीचे गल्लीच्या तोंडाशीच आहेत."

ती पलंगाला टेकून खाली बसली आणि चादरीखालून हात आत सरकवला. त्याने तो घट्ट धरला. बाहेर जीपचं इंजिन चालूच होतं. आयोनीचं बोट त्याच्या तळव्यावर, आवाज न करता, तोच ठोका देत राहिलं.