सरूबाईचा धवला आणि पूनम सागरचं गेट

मी हार्डडिस्क बोलतेय. दिसायला तळहाताएवढी लोखंडी पेटी, पण पोट मोठं. सध्या मी मुर्धा गावात, धाकू कोळ्याच्या घरात, देवाच्या फळीवर असते. माझ्या अंगाला हळद लागलीय. ती कशी लागली, आणि अजून का टोचते, ते सावकाश सांगते. आयुष्यभर गरागरा फिरले, आता सांगताना तरी घाई नको.

जन्म कुठल्या परमुलखातला, ते आठवत नाही. जाग आली ती गावाजवळच्या बेव्हर्ली पार्क वस्तीतल्या एका गाळ्यात. तिथं मितेशशेठचा धंदा होता, लोकांचं ठेवणीतलं सांभाळायचा. कुणाच्या लग्नाच्या फिल्मा, दवाखान्याचे एक्स-रे, सोसायट्यांच्या गेटवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं. आत गारठा असा, की ऐन मे महिन्यात साहिल स्वेटर घालून बसायचा. साहिल म्हणजे आम्हा डिस्कांची देखभाल करणारा, त्याच धाकूचा मुलगा.

एकदा धाकू साहिलचा विसरलेला डबा घेऊन आला. दारातच थबकला.

"एवढा गारवा? आत मासली ठेवलीय काय रं?"

"लोकांचा डेटा हाय, आबा. तापला तर खराब होतो."

"आन लोक नेतात कवा?"

"नेत कोण न्हाय. नुसता ठेवतात."

धाकू हसला. "मंग बर्फ फुकट चाललाय तुमचा. मासली बर्फात कितीबी ठेव, कोणी खाल्ली तर ती मासली."

तेव्हा मलाही हसू आलं होतं.

साहिलची आजी, धाकूची आई सरूबाई, गावातली धवलारीण. तिथं लग्न म्हटलं की हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गायला ती लागते. हे धवले कुठं लिहिलेले नसतात. शिकायची रीत एकच: म्हातारीच्या मागं बसायचं आणि तिच्या प्रत्येक ओळीचे शेवटचे शब्द उचलून म्हणायचे. त्याला झील धरणं म्हणतात. वर्षानुवर्षं शेपट्या धरता धरता एक दिवस डोकंही तोंडात येतं. साहिलची आई शकू अशीच सासूच्या मागं बसत आली होती.

मग साहिलनं आजीला घरात बसवून तिचा सगळा धवला फोनवर उतरवून घेतला आणि माझ्या पोटात आणून ठेवला. किती मायेनं ठेवला, मला माहीत आहे.

सरूबाई म्हणाली, "आता मी मेली तरी वांदा न्हाय."

शकू म्हणाली, "मना पण आता मागं बसाय नको. मशीनमदी हाय ना सगला." पुढच्या लग्नापासून ती पंगतीत वाढायला लागली. सरूबाई एकटीच गायची.

इकडे धंदा फुगत चालला. एक कपाट होतं, त्याची भिंत झाली, भिंतीचे दोन गाळे झाले. मितेशशेठ खुशीत सांगायचा, "साहिलभाई, पूरे देश में यही चालू आहे. लोक पुसत काहीच नाहीत, बस ठेवतात. जागा कितीपण आण, कमीच." नव्या डिस्का आल्या. त्यांतली एक आमची अख्खी रांग गिळेल अशी. तरी जागा पुरेना. सोसायट्यांना गेटची चित्रं जास्त दिवस ठेवून हवी होती.

म्हणून साहिलनंच यंत्राला एक नियम घालून दिला: ज्यावर गिऱ्हाइकाचं नाव नाही आणि जे वर्षभर कुणी उघडलं नाही, ते आपोआप पुसायचं. नियम चांगला होता. फक्त आजीच्या धवल्यावर गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं. आणि तो उघडला कोणी नव्हता. नीट ठेवलेलं कोण उघडून बघतं?

मला हुकूम झाला. मला नाही म्हणता येत नाही. सरूबाईच्या आवाजावर मी पूनम सागरच्या एका सोसायटीचं गेट लिहून घेतलं.

पुढं साहिलच्या बहिणीचं, सलोनीचं लग्न ठरलं. तोवर सरूबाईला विसर पडायला लागला होता. ओळ सुरू करायची आणि मध्येच चुलीकडे बघत राहायची. साहिलनं मला उघडलं. गेट दिसलं. पुन्हा उघडलं, पुन्हा गेट.

"अरे यार, दादीचं होतं तर बोलायचं ना," मितेशशेठ हळू आवाजात म्हणाला. "घेऊन जा ही डिस्क. तशीपण भंगारातच जाणार. बघ, कोण काढून देतो का."

साहिल मला घेऊन दुकानं फिरला. सगळीकडे एकच उत्तर: वरून दुसरं लिहिलंय, आता खालचं निघत नाही. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. आजीला सांगायला त्याची जीभ रेटली नाही; तिनं मला, आत आपला आवाज आहे असं समजून, देवाच्या फळीवर ठेवलं.

हळदीच्या दिवशी सरूबाईनं मला फळीवरून काढलं, हळदीचं बोट लावलं आणि म्हणाली, "लाव आता. माझ्या सलूच्या हलदीला माझा धवला होऊ दे."

साहिलनं आईकडे पाहिलं. बायका वाट बघत होत्या. तेवढ्यात शकू सासूच्या मागं जाऊन बसली आणि धवला म्हणू लागली, जेवढा येत होता तेवढा. ओळींचे शेवटचे शब्द. नुसत्या शेपट्या.

सरूबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "अगो, शेपट्याच आणल्यास. डोकी कुठं हायेत?"

बायका हसल्या. शकू हसता हसता पदर डोळ्यांना लावून पुढं म्हणत राहिली. त्या शेपट्यांवर सलोनीला हळद लागली.

आता शकू रोज दुपारी सासूच्या मागं बसते. एखाद्या दिवशी एक ओळ पुरी मिळते. पुष्कळदा काहीच मिळत नाही.

माझ्यासारख्या रोज नव्या येताहेत, पोटं वाढताहेत. ठेवा बाबांनो, आमच्यात ठेवा. पण ज्याच्याकडून घेतलंत, त्याच्या मागं कुणीतरी बसतही राहा.

सरूबाईला अजून कोणी सांगितलेलं नाही. रोज सकाळी देवाला फूल वाहते, तेव्हा एक माझ्यावर ठेवते. म्हणते, "सांभाल गो बाय."

आणि माझ्या पोटात पूनम सागरचा वॉचमन गेट उघडतो, गेट लावतो.