नाजीराचा आठवडा

मित्रांनो, जरा फडताळाच्या वरच्या कप्प्याकडे बघा. रिकाम्या बरणीमागे जे अजिबात चकाकत नाही, ते मी. मी एक जुना स्टीलचा शेकर आहे. मोठ्या माणसांची पेयं बर्फाबरोबर हलवून गार करायची, हे माझं काम. खाली उंच भांडं, वर गाळणी आणि डोक्यावर छोटं झाकण, असा माझा बांधा.

माझी उमेदीची वर्षं एका हॉटेलच्या बारमध्ये गेली, दादाच्या हातात. दादा तिथे पेयं बनवायचा. बर्फ पडला की माझ्या आतली हवा आकसते आणि झाकण घट्ट बसतं. नवखे लोक ते ओढतात, पिळतात, माझ्या नावाने बोटं मोडतात. दादा मात्र कडेला तळहाताचा एक हलका ठोका द्यायचा, की झाकण निमूट सुटायचं. पण दुसऱ्यांचे पेले भरता भरता तो स्वतःचाही भरू लागला. नोकरी गेली. मग त्याने दारू कायमची सोडली आणि मला खालच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या हवाली केलं. "हा डोळ्यांसमोर नको," एवढंच म्हणाला.

बहीण शाळेत विज्ञान शिकवायची. सगळे तिला बाईच म्हणत. निवृत्तीनंतर घर खायला उठलं, तेव्हा बाईंनी दर गुरुवारी संध्याकाळी तोराहचा वर्ग सुरू केला. तोराह हा ज्यू लोकांचा धर्मग्रंथ. दर आठवड्याला त्याचा एक पाठ वाचायचा, वर्षभरात ग्रंथ पुरा होतो. नुसत्या पाठाला कोण येणार, म्हणून बाईंनी प्रत्येक पाठाला शोभेलसं कॉकटेल जोडलं. ज्यूंचा पुढारी मोशे याने वाळवंटात कडू पाण्यात लाकूड टाकून ते गोड केलं, त्या आठवड्याला कडवट पेय आणि ढवळायला दालचिनीची काडी. जमिनीने बंडखोरांना गिळलं, त्या आठवड्याला जड सरबत तळाशी आणि हलकी दारू वर. दोन्ही एकमेकांत का मिसळत नाहीत, हे बाई पेला दिव्यासमोर धरून समजावत. खोली भरू लागली. माझंही कौतुक होऊ लागलं.

तरी मला करमत नव्हतं. बाईंना माझं झाकण कधीच उघडता आलं नाही. त्या फडक्यात धरून ओढत, शेवटी मला टेबलावर आपटत. तो आवाज वर पोचत असणार, कारण आमच्या डोक्यावर चाललेली दादाची येरझार तेवढ्यात थांबायची.

वर्षातून एकदाच तो खाली यायचा. एका पाठात नाजीराचा नियम आहे. नाजीर म्हणजे देवासाठी काही काळ व्रत घेतलेला माणूस. त्याला दारू वर्ज्य, साधी द्राक्षंसुद्धा वर्ज्य. त्या आठवड्याला बाई माझ्यात लिंबू, आलं आणि मध एवढंच घालत आणि मला दादा हलवायचा. त्या हातांची मी वर्षभर वाट पाहायचो.

एका वर्षी त्या वर्गानंतर दादा दारात चपला घालत म्हणाला, "चला, पुढच्या वर्षी भेटू."

शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "अहो, डोक्यावरच तर राहता. तुमचा जिना भलताच लांब दिसतोय."

सगळे हसले. दादाही हसला. बाई हसल्या नाहीत. मला विसळून झाल्यावरही त्या नळ सुरू ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

पुढच्या पाठात मोशेबरोबर वाळवंटातून चाललेली माणसं पूर्वी खाल्लेल्या काकड्यांच्या आणि खरबुजांच्या आठवणीने रडतात. त्याच पाठात सणाच्या दिवशी बाहेर राहावं लागलेले काही जण मोशेला विचारतात, आम्हीच का मागे राहायचं? त्यांना सणासाठी दुसरा दिवस मिळतो. बाईंनी एवढं वाचलं आणि पुस्तक मिटलं. माझ्यात काकडी आणि खरबूज घातलं, बर्फ घातला, दारूचा थेंबही नाही. हलवलं. झाकण अडकलं. या वेळी त्यांनी मला आपटलं नाही. मंडळींना बसवून ठेवून मला घेऊन त्या जिना चढल्या.

दादाने दार उघडलं आणि मला बघून एक पाऊल मागे सरकला.

"उघडत नाहीये," बाई म्हणाल्या.

"आत काय आहे?"

"काकडी आणि खरबूज. हवं तर वास घे."

त्याने ठोका दिला. झाकण सुटलं. त्याने वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला.

"आणि पुढच्या गुरुवारी?" तो म्हणाला. "पुढच्या पाठात द्राक्षं आहेत. एवढा थोरला घड, दोघांनी काठीवरून आणलेला. विसरलो नाहीये मी."

"द्राक्षांचा नुसता रसही निघतो, दादा."

"अशाने लोक यायचे नाहीत तुझ्याकडे."

"नाही आले तर तुझ्या वाट्याला जास्त येईल. चल, बर्फ वितळतोय."

लोक खरंच कमी होत गेले. शिंपीकाका तेवढे टिकले, मग तेही मुलाकडे दूर राहायला गेले. आता दोन म्हातारी भावंडं, एक ग्रंथ आणि मी. गुरुवार सोडला तर मी इथे बरणीमागे धूळ खात असतो. एकटं वाटतं. पण गुरुवारी जिन्यावर चपला वाजतात, आणि त्या आवाजावर माझा आठवडा निघतो.

मित्रांनो, माझ्यासारखं कोणी तुमच्या घरी असेल तर त्याला धुऊन, नीट कोरडं करून ठेवा. झाकण अडकलं तर आपटू नका, हलका ठोका पुरतो. आणि पाहुण्यांसाठी पेले मांडाल तेव्हा एकदा जिन्याकडे बघा. पेल्यात आपण जे ओतलंय, त्याच्यामुळे कोणी वरच थांबलं नाही ना?