लेकराशी बोलायचं कुणी?

बन्सी तीन वर्षांचा झाला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पाणी हवं असलं की रांजणाकडे बोट, गूळ हवा असला की शिंक्याकडे बोट. बोट वर झालं रे झालं की त्याची आजी गोजरबाई हातातलं काम टाकून धावायची. पाणवठ्यावर बोरी गावच्या बाया आता ‘मुका बन्सी’ म्हणू लागल्या होत्या. हे नाव नातवाला जन्मभर चिकटणार, या धास्तीने गोजरबाईला घास गोड लागत नव्हता.

उपाय तरी किती करावेत! अंगारे झाले, गंडे झाले, जिंतूरच्या हकिमाचं चाटण झालं. शेवटी कुणीतरी सांगितलं, पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घाला. गोजरबाई भर उन्हात तांबोळ्याच्या दारात जाऊन बसली. त्याचा पोपट येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा, पण पेरूला काही चोच लावेना. “खा की रे मेल्या!” म्हणत तिने त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. शेवटी त्याने एकदाची चोच मारली आणि तो पेरू बन्सीच्या पोटात गेला.

पुढे पंचमीला सून बायना लेकराला घेऊन माहेरी गेली आणि परत आली तेव्हा बन्सी चक्क ‘आई’, ‘दे’, ‘बैल’ म्हणत होता! गोजरबाईने गल्लीभर पेरूची थोरवी सांगितली. पण पंधरवडा गेला नाही तोच पोर पुन्हा बोटावर आलं. गोजरबाई वैतागली. पेरू पदरात बांधून ती पुन्हा निघाली, तेवढ्यात सेलूहून राहायला आलेल्या नणंदेने, तानुबाईने, तिला दारातच अडवलं.

“कुठं निघालात वहिनी, उन्हाचं?”

“पोपटाकडं! मेल्याचा गुण उतरला वाटतं.”

तानुबाई आधी पोट धरून हसली, मग गंभीर झाली. “वहिनी, मी आल्यापासून बघायलेय. बायना या घरात लेकराशी बोलती कवा?”

“सासू-सासऱ्यापुढं सोताच्या पोराशी बोलायचं? लाजलज्जा हाय का न्हाई काई?”

त्या घराची रीतच तशी होती. वडीलधाऱ्यांसमोर आईबापाने आपल्या पोराचं कौतुक करायचं नाही, त्याला उचलायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. बायना तोंड मिटून त्याला भरवायची. बाप आसाराम तर बन्सी दारालगतच्या पुरुषांच्या बैठकीत, ढाळजेत आला की शेजाऱ्याचं पोर आल्यासारखा दुसरीकडे बघायचा.

“बरं, मंग तुमी काय बोलता त्येच्याशी?”

“मी तर त्येला बोलायची पाळीच येऊ देत न्हाई! बोट केलं की हातात...” गोजरबाई मोठ्या तोऱ्यात बोलत होती.

“मंग त्यानं बोलावं कशापायी?” तानुबाई म्हणाली. “तांबोळ्याच्या दारात दिसभर मानसं त्या पाखराशी बोलत्यात, म्हणून ते सलाम शिकलं. माहेरी बायनाला कुणाची आडकाठी न्हाई. दळताना बोलली, न्हाऊ घालताना बोलली, तर लेकरू बोललं. इथं आलं की पुन्हा गप! उद्या सरकारच्या शाळंत मास्तर उर्दूत शिकविनार. घरचीच बोली तोंडात नसली, तर त्यानं दुसरी शिकावी कशाच्या आधारानं?”

गोजरबाईने पदरातला पेरू सोडून ओट्यावर ठेवला आणि ती तिथेच बसली. अरेरे! घराची मर्यादा सांभाळता सांभाळता आपणच नातवाची जीभ बांधून ठेवली!

तिने सुनेला हाक मारली. “बायना, बोल त्येच्याशी. माझ्यापुढं बोल.”

बायनाने सासूसमोर पदर आणखी पुढे ओढला. “आत्याबाई, मला न्हाई जमायचं.”

“अगं, गप बस म्हणलं तवा बसलीस, आता बोल म्हणलं तर बोलंना! काय करावं या पोरीला!”

“वहिनी, तिच्यावर वरडून काय व्हणार? सुरुवात तुमीच करा,” तानुबाई म्हणाली.

तेवढ्यात बन्सीने रांजणाकडे बोट केलं. गोजरबाई सवयीने उठली, पण थांबली. “काय पायजे बन्सी? पानी?” बन्सीने भोकाड पसरलं. गोजरबाई रडकुंडीला आली.

“रडवू नका त्येला. देता देता नाव सांगा, अन् त्यो काय म्हणतो ते ऐकायला जरा दम धरा.”

“घे राजा, पानी घे. गार पानी!” गोजरबाई म्हणाली. त्या दिवशी बन्सी काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गोजरबाई कितीदा चिडली, कितीदा कपाळाला हात लावून बसली! पण बायना आधी कुजबुजू लागली, मग मोकळेपणाने बोलू लागली. भाकरी थापताना पिठाशी, तव्याशी, लेकराशी तिचं बोलणं चालू झालं.

सुगीच्या दिवसांतली गोष्ट. बन्सीचा आजा लिंबाजी चार माणसांत ढाळजेत बसला होता. आसाराम शेतातून बैल घेऊन आला आणि उंबऱ्यातून बन्सी मोठ्याने म्हणाला, “बा, बैल आला!”

आसारामचे पाय जागीच थबकले. त्याने बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

लिंबाजी कडाडला, “आरं, माझ्याकडं काय बघायलास? लेकरू तुला बोलायलंय! ओ दे त्येला!”

आसारामने चार माणसांदेखत लेकराला उचललं. “व्हय रे राजा, आला. आपला ढवळ्या आला,” असं म्हणताना तो अजून बैलाकडेच बघत होता. बन्सीने बापाची हनुवटी धरली, त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि पुन्हा सांगितलं, “बा, बैल आला!”

वाचकहो, लेकराशी बोलल्याने घराची मर्यादा मोडत नाही. वैरण टाकताना, चूल पेटवताना त्याच्याशी चार शब्द बोला आणि ते बोबडं बोलेल ते थांबून ऐका. आपल्या लाजेपायी लेकराने का म्हणून मुकं राहावं?